नफा कंत्राटदाराचा, जोखीम जनतेची

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील रॉकी फ्लॅट्स कारखान्यात अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियमचे गाभे घडविले जात. कारखाना सरकारचा, चालविणारी मात्र खासगी कंपनी, १९७५ पासून रॉकवेल. तिच्यावर देखरेख ऊर्जा खात्याची. तरीही ६ जून १९८९ रोजी सरकारच्याच एफ.बी.आय.ला तेथे छापा घालावा लागला. १९९२ मध्ये कंपनीने पर्यावरणविषयक गुन्हे कबूल केले. दंड झाला १ कोटी ८५ लाख डॉलरचा.

देखरेख असताना हे घडले कसे? उत्तर व्यक्तीच्या सचोटीत नव्हे, व्यवस्थेच्या अर्थकारणात आहे. उत्पादनाची निकड ज्या खात्याला, सुरक्षेची तपासणीही त्याच खात्याकडे. कंत्राटदाराला बक्षिसी देणारे तेच, दोष दाखविणारेही तेच. शिवाय १९५७ च्या प्राइस-अँडरसन कायद्याने अणुअपघाताच्या भरपाईचा भार सरकारने उचललेला. अशा स्थितीत काम थांबविण्याचा आग्रह धरणारा सरकारी अभियंता आपल्याच वरिष्ठांना अडसर वाटू लागतो.

१९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कंत्राटदारांच्या दंडाची तरतूद केली आणि संरक्षणविषयक अणुकारखान्यांसाठी स्वतंत्र सुरक्षा मंडळ स्थापण्याचा कायदा केला. पाऊल योग्यच, परंतु मंडळाचा मुख्य अधिकार शिफारशीचा राहिला.

निरीक्षकाचा पगार सरकारी तिजोरीतून येतो, एवढ्याने निरीक्षण जनतेचे होत नाही. निरीक्षक उत्पादन खात्यापासून स्वतंत्र हवा, काम थांबविण्याचा त्याचा अधिकार निर्विवाद हवा आणि त्याचा अहवाल कामगारांच्या हाती पडावयास हवा. किरणोत्साराचा पहिला वाटेकरी कामगारच असतो.