परसातला गलांडा आणि घामाचा हिशेब
(जिल्हा मेळाव्यातील महिला सत्रात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्याचे विषय मोठे आहेत. कांद्याची निर्यात आहे, कापसाचा भाव आहे, विजेचे बिल आहे. त्यात मी परसातल्या गलांड्याच्या फुलांचे बोलणार म्हटल्यावर पुढच्या रांगेतले काही भाऊ हसले. हसू द्या. ज्या हिशेबासाठी आपण रस्त्यावर बसतो, तोच हिशेब घराच्या मागच्या दारी कसा मांडायचा, एवढेच मला सांगायचे आहे.

1986 साली चांदवडला लाखो शेतकरी बाया जमल्या. त्यानंतर घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करून देण्याचा लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम झाला. 10 नोव्हेंबर 1991 रोजी शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती सांगितली. सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. त्यातली पहिली पायरी सीताशेती. थोडी जमीन बाईच्या हाती असावी, तिने बाहेरून काही विकत न आणता ती पिकवावी. पुष्कळांना ती गोष्ट भाजीपाल्याची वाटली. मी म्हणते, सुरुवात फुलापासून करून बघा.

गलांडाच का?

गलांडा म्हणजे गॅलार्डिया. लाल पाकळी, तिला पिवळी किनार. मूळचा हा उत्तर अमेरिकेतला, कोरड्या माळावर वाढणारा. तिथल्या आदिवासींच्या रंगीत घोंगड्यांसारखे रंग म्हणून इंग्रजीत त्याला घोंगडीफूल म्हणतात. आपल्याकडे तो इतका रुजला, की देवाच्या हारात आणि दसऱ्याच्या बाजारात त्याला कोणी परका म्हणत नाही. माळावरचा असल्यामुळे त्याला ऊन सोसते, हलकी जमीन चालते, पाण्याचा ताण पडला तरी तो टिकतो. त्याला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे मुळाशी साचलेले पाणी.

दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब जागा घ्या. गुंठ्याचा सातवा हिस्सासुद्धा नाही. पण ऊन दिवसभर पाहिजे. गोठ्याच्या सावलीत झाड नुसते उंच होते, फूल धरत नाही.

बी टाकायचे तीन हंगाम आहेत. जूनमध्ये टाकले तर गणपती-दसऱ्याला फूल येते, ऑक्टोबरमध्ये टाकले तर जानेवारीपासून, फेब्रुवारीत टाकले तर उन्हाळ्यातल्या लग्नसराईत. गादीवाफ्यावर बोटाने रेघ ओढावी, बी टाकावे आणि वर चाळलेले शेणखत भुरभुरावे, दिसेल न दिसेल इतकेच. बी खोल गेले की उगवत नाही, मग बियाला दोष देतो. आठ ते पंधरा दिवसांत उगवण होते. चार-पाच आठवड्यांचे रोप झाले, की संध्याकाळी लावावे. दोन ओळींत दीड फूट, दोन रोपांत एक फूट. या हिशेबाने आपल्या जागेत शंभर झाडे बसतात. पावसाळी लागवड वरंब्यावरच करावी, म्हणजे मूळ कुजत नाही.

खत म्हणाल तर लावणीआधी दोन-तीन पाट्या कुजलेले शेणखत पुरे. युरियाची मूठ टाकायचा मोह होतो, तो आवरा. युरियाने पाला माजतो, फूल कमी होते. मावा दिसला तर शेंडा खुडून टाका, निंबोळीचा अर्क फवारा. पानावर भुरी आली तर गर्दी कमी करा, वारा खेळू द्या. बी टाकल्यापासून अडीच ते तीन महिन्यांत फूल सुरू होते. आणि तोडत राहाल तितके ते येत राहते. फूल झाडावरच वाळू दिले, की झाड बी धरायला लागते आणि नवी कळी कमी होते.

बी आपल्या घरचे

पहिल्या वर्षी मूठभर बी शेजारणीकडून घ्या. पुढच्या वर्षी ते मागायची वेळ येऊ नये. चांगली चार झाडे निवडा, त्यांवर ताईत बांधल्यासारखी दोरी बांधा आणि त्यांची शेवटची फुले तोडू नका. पाकळ्या गळतात, गोंडा राहतो, तो तपकिरी झाला की कोरड्या दुपारी काढावा, चोळावा, सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवावा. एक ध्यानात असू द्या. या फुलावर मधमाशी फार येते आणि परागाची सरमिसळ करते. भरगच्च गोंड्याचा वाण राखायचा असेल, तर एकेरी पाकळीची झाडे पहिले फूल दिसताच उपटावीत.

2001 सालच्या पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा, एकमेकांना देण्याचा आणि विकण्याचाही हक्क शेतकऱ्याला मान्य केला आहे. संरक्षित वाणाचे बी छापील ब्रँडच्या नावाने विकता येत नाही, एवढीच अट. हक्क कागदावर आहे. तो चालतो बाईने माळ्यावर ठेवलेल्या पुडीत.

आता हिशेब

खरी गोष्ट इथे आहे. कोणत्याही घरी विचारा, या फुलांना खर्च किती आला? उत्तर येते, काही नाही, घरचेच आहे. शेत पिकवणाऱ्याला सरकार नेमके हेच म्हणत आले. जमीन घरची, बैल घरचे, माणसे घरची, मग खर्च कसला? त्या उत्तराविरुद्ध आपण उभे राहिलो. आज कृषिमूल्य आयोग घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरतो. ती पुरेशी धरतो का, हे भांडण वेगळे. पण परसात राबणाऱ्या बाईची मजुरी कोण धरतो? आयोग धरत नाही आणि घरचा कर्ता, संघटनेचा बिल्ला लावलेला असला तरी, धरत नाही.

म्हणून एक वही घ्या. तीत चार रकाने पाडा: तारीख, किती वेळ काम केले, किती फूल निघाले, फुलाचे काय झाले. पाणी घालणे, खुरपणे, तोडणे मिळून रोज अर्धा तास धरा. बी टाकल्यापासून पाच महिने, म्हणजे दीडशे दिवस. झाले पंचाहत्तर तास. आठ तासांचा दिवस धरला तर नऊ दिवसांहून थोडी जास्त मजुरी. तुमच्या गावात बाईची रोजी जी असेल तिने गुणा. हा झाला उत्पादन खर्च.

आता दुसरी बाजू. फूल विकले तर आलेला पैसा लिहा. घरच्या देवाला, सत्यनारायणाला वापरले तर त्या दिवशी बाजारात जो भाव असेल तो लिहा, कारण तेवढे पैसे घरातून गेले नाहीत. शेजारी दिले तरी लिहा. दान द्यायला हरकत नाही, पण किती दिले ते ठाऊक असावे.

हिशेब तोट्यात निघाला तर? निघू द्या. तोटा आहे हे कळणे हीच पहिली कमाई. फायदा निघाला तर तो पैसा बाईच्या हाती आणि बाईच्या खात्यात राहिला पाहिजे. किराण्याच्या डब्यात गेला, की पुन्हा सगळे ‘घरचेच’ होते.

एक इशारा

यावरून कोणी एकरभर गलांडा लावायला निघू नका. शंभर झाडांचा हिशेब एकराला लागू पडत नाही. तिथे तोडणीची मजुरी, गाडीभाडे, अडत असते आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी भाव कोसळतो. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली, देवळे बंद, लग्ने बंद, तेव्हा फूलशेतकऱ्यांना उभी पिके मोडावी लागली. परसातल्या वाफ्यावर कर्ज नव्हते, म्हणून तो बुडाला नाही. माजघरातून व्यापारात जायचे ते वहीतला हिशेब पाहून, शेजाऱ्याचे पाहून नव्हे.

प्लास्टिकच्या फुलांवर बंदी मागा, असे काही भगिनी म्हणतात. ज्या संघटनेने कांद्यावरच्या निर्यातबंदीविरुद्ध लाठ्या खाल्ल्या, तिने बंदी मागताना दोनदा विचार करावा. ताजे फूल वेळेवर आणि रास्त भावात गावच्या देवळापर्यंत पोहोचवणे, हे आपल्या हातात आहे.

मायबहिणींनो, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा आपण मोर्चात देतो. घाम किती गाळला ते लिहून ठेवले नाही, तर दाम मागणार कशाचे? पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकीने दोन गोष्टी आणाव्यात: बियाची एक पुडी, वाटण्यासाठी; आणि ती वही, सगळ्यांसमोर वाचण्यासाठी. भावांनी ती वाचन होईपर्यंत उठून चहाला जाऊ नये, एवढीच विनंती.

जय बळीराजा!