पन्नाशीनंतर ‘पीएसए’ करावी का?



आपल्या खान्देशातला शेतकरी विहिरीवरच्या मोटारीचा आवाज जरा बदलला, की लगेच मेकॅनिकला बोलावतो. पण स्वतःला रात्रीतून चार वेळा लघवीला उठावं लागलं, तर ‘वय झालं’ म्हणून गप्प बसतो. हल्ली दवाखान्यात मला दुसऱ्या प्रकारचे पुरुषही भेटतात. तपासणीच्या पॅकेजमध्ये ‘पीएसए’ होऊन जाते, आकडा ठळक अक्षरांत येतो आणि काहीही त्रास नसलेला माणूस विचारतो, “डॉक्टर, मला कॅन्सर झाला का हो?” आज या दोघांशी बोलायचं आहे.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली, लघवीच्या नळीभोवती असलेली छोटी ग्रंथी. ती एक प्रथिन तयार करते, त्याचं नाव पीएसए. ते थोडंसं रक्तात उतरतं. कॅन्सरमध्ये ते वाढतं, तसंच वयानुसार ग्रंथी नुसती मोठी झाली, लघवीत जंतुसंसर्ग झाला किंवा नळी घातली, तरीही वाढतं. आकडा वाढलेल्या चार पुरुषांपैकी साधारण तिघांना पुढच्या तपासणीत कॅन्सर सापडत नाही.

मग फायदा काही आहे की नाही? आहे. युरोपातल्या आठ देशांत ५५ ते ६९ वयाच्या एक लाख बासष्ट हजार पुरुषांचा अभ्यास झाला. तेवीस वर्षांच्या पाठपुराव्याचा निष्कर्ष २०२५ मध्ये आला : ४५६ पुरुषांना तपासणीला बोलावलं, तेव्हा प्रोस्टेट कॅन्सरचा एक मृत्यू टळला. पण त्या एका मृत्यूमागे बारा जास्त पुरुषांना कॅन्सरचं निदान झालं. हा कॅन्सर अनेकदा इतका सावकाश वाढतो, की माणसाला त्याचा उपद्रव कधी होतही नाही. ऑपरेशन किंवा किरणोपचारांनंतर मात्र काहींना लघवीवर ताबा राहत नाही, काहींचं लैंगिक सुख जातं. म्हणून सौम्य कॅन्सरवर आता नुसतं नियमित लक्षही ठेवतात.

आपल्या सरकारनं २०१६ मध्ये तिशीपुढच्यांसाठी कॅन्सर तपासणीची जी आखणी केली, तिच्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, प्रोस्टेट नाही. तेव्हा तंबाखू खाणाऱ्या माझ्या भावांनो, पीएसएच्या आधी तोंड उघडून दाखवा. त्याला सुईसुद्धा लागत नाही.

पंचावन्न ते एकोणसत्तर वयात पीएसए करायची की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल, तर पंचेचाळिशीपासूनच विचारा. सत्तरीनंतर त्रास नसताना ही तपासणी सहसा करू नये. लघवीला जळजळ असेल तर आधी ती बरी होऊ द्या. तपासणीआधी दोन दिवस शरीरसंबंध टाळा. प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर तिचं नाव सांगा, कारण काही गोळ्यांनी आकडा निम्म्यावर येतो. आकडा वाढलेला आला तर काही आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या. तरीही वाढलेला असेल तर एमआरआय आणि गरज असेल तरच बायॉप्सी.

आता वय झालं म्हणून गप्प बसणाऱ्यांसाठी. लघवी अडखळणं, रात्री उठावं लागणं हे बहुतेक वेळा कॅन्सरचं लक्षण नसतं. ग्रंथी वाढल्याचं असतं आणि त्यावर औषध आहे. पण लघवी अडली, लघवीतून रक्त गेलं, किंवा कंबरेचं हाड सतत दुखून वजन घटू लागलं, तर एक दिवसही थांबू नका. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही २०१८ पासून शासकीय महाविद्यालय झालं आहे. तिथं दाखवा. सांगायला लाज वाटत असेल तर घरच्या माणसाला सोबत न्या.

आणि पॅकेजवाल्यानं पीएसएच्या चौकटीत खूण केली, तर रक्त देण्याआधी एवढंच विचारा : “आकडा वाढलेला आला, तर पुढं काय करायचं?” याचं उत्तर समजून घ्या आणि मगच हात पुढे करा.