बजाजनगरात आपले स्वागत
(स्वागताध्यक्षांचे भाषण)

अध्यक्षमहोदय, दूरदूरहून आलेले प्राध्यापक, संशोधक आणि बजाजनगरकर बंधुभगिनींनो,

संभाजीनगरला आलेला पाहुणा वेरूळ बघतो, मकबरा बघतो आणि परततो. आपण मात्र परिषदेसाठी आमची कामगारवस्ती निवडलीत, याचा आम्हाला फार अभिमान वाटतो.

इथे पूर्वी ज्वारी-बाजरीची रानं होती. सोळा महिन्यांत उभ्या राहिलेल्या बजाज ऑटोच्या कारखान्याचे ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते उद्घाटन झाले. मग बीड, जालना, परभणीकडची पोरं आली, भाड्याच्या खोल्यांत राहिली, इथलीच झाली. पंढरीला जायला रजा मिळाली नाही, तर आषाढीला आमचा कामगार शेजारच्या छोट्या पंढरपुरात माथा टेकवतो.

आणि शेजारचे पाटोदा! ते सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. सरपंच भास्करराव पेरे पाटलांच्या काळात या गावाने ग्रामपंचायतीची पिठाची गिरणी सुरू केली. ज्याने कर भरला, त्याचे दळण फुकट! बाई डबा घेऊन गिरणीवर येते, पीठ घेऊन जाते, आणि घरपट्टी कशासाठी भरायची हे तिला कुणी समजावून सांगावे लागत नाही. पाहुण्यांनी ती गिरणी बघितल्याशिवाय जाऊ नये.

आपला विषय राजकीय पक्ष आणि जागतिक करारांची अंमलबजावणी. त्यातले आपण जाणते. मला एवढेच दिसते, की मराकेशला १९९४ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सही झाली, त्यासाठी आणलेले पेटंट विधेयक १९९५ मध्ये राज्यसभेत अडले; तेव्हा विरोधात असलेल्या भाजपच्याच सरकारने १९९९ मध्ये दुरुस्ती मंजूर करून घेतली. २००५ मध्ये भाजप पुन्हा विरोधी बाकांवर होता, आणि डाव्यांनी पाठिंबा देताना जुन्या औषधाला किरकोळ बदलावर नवे पेटंट मिळू नये, यासाठी कायदा कडक करून घेतला. आमच्या वाळूजमध्ये औषधांचे कारखाने आहेत. बाक बदलला की भूमिका का बदलते, हे इथल्या कामगाराला समजेल अशा भाषेत सांगा, ही माझी कळकळीची विनंती.

व्यवस्थेत उणिवा आहेत. पाणी टँकरचे आहे, खोल्या लहान आहेत, शिफ्ट सुटली की मोहटादेवी चौकात गाड्या अडकतात. त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. मंडपवाले, टँकरवाले, घरची खोली रिकामी करून देणारी कुटुंबे, पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या बचतगटाच्या भगिनी, वर्गणी देऊन नाव छापू नका म्हणणारे लघुउद्योजक, रात्रपाळी करून थेट इथे आलेले स्वयंसेवक, या सर्वांचा मी ऋणी आहे. जेवण एक वाजता. पिठलं-भाकरी आणि ठेचा आहे; तिखट सोसत नसेल त्यांनी वाढणाऱ्या ताईंना आधी सांगावे, वरण-भात वेगळा ठेवला आहे.