घरचा जुना लेथ: रंगाच्या आधी बेड बघा

मध्येच कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या, रेकॉर्डिंग विचुंब्यातल्या घरीच चाललंय. आजचा विषय, आमच्या खालच्या खोलीतला लेथ.

बाबा लेथ शिकले ते म्हैसूर किर्लोस्करच्या मशीनवर. किर्लोस्करांचा हा हरिहरचा कारखाना १९४१चा. आमचं मशीन तेवढं नामी नाही. साधा साडेचार फुटी, पट्ट्यावर चालणारा लेथ, बाबांनी तळोज्याच्या छोट्या वर्कशॉपसाठी जुनाच घेतलेला. वर्कशॉप बंद झालं, मशीन घरी आलं आणि दोन पावसाळे ताडपत्रीखाली पडून राहिलं. पनवेलचा पाऊस तुम्हाला माहितीये. सगळीकडे गंज.

बाबा म्हणाले, "कळंबोलीला वजनावर देऊन टाक." मी म्हटलं, "बाबा, मला एक महिना द्या."

मी उत्साहात आधी रंगच आणला. बाबा हसले. "रंगाने मशीन सुधरत नाही. बेड बघ."

गंज काढायला ग्राइंडर लावू नका, बेडची सपाटी जाते. रॉकेल आणि सपाट ऑइलस्टोन, हलक्या हाताने, बस.

मग झीज तपासायची. सॅडल चकजवळ आणा, पट्ट्या आवळून ढिलेपणा काढा, आणि सॅडल टेलस्टॉककडे फिरवत न्या. तिकडे अडकलं, तर चकजवळचा बेड झिजलाय. बहुतेक काम तिथेच होतं ना! आमचं थोडं अडकलं. ग्राइंडिंगचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून ठरवलं, लहान जॉबच करायचे.

पुढे लेव्हल. चकमध्ये जाड बार धरा, टेलस्टॉक न लावता एकाच सेटिंगवर दोन ठिकाणी कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. आमच्यात ०.०४ मिलिमीटर फरक आला. पायांखाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवून तो ०.०१ वर आणला. नवा पार्ट एकही नाही!

आता अपग्रेड. घरात सिंगल फेज, मोटर थ्री फेज. उपाय म्हणजे व्हीएफडी. आधी मोटरची प्लेट वाचा. त्यावर ४१५ स्टार, २४० डेल्टा असं असेल, तर वायरमनकडून डेल्टा जोडून घ्या. आणि पुली काढून टाकू नका. व्हीएफडीने स्पीड फार कमी केला की मोटरचा पंखाही हळू फिरतो, मोटर तापते आणि जोरही कमी पडतो.

इथेच माझी चूक झाली. मी मशीन दोन सेकंदांत थांबेल असं सेट केलं. आमचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसतो. ब्रेक लागला, स्पिंडल थांबला, पण जड चक फिरतच राहिला आणि आटे सुटायला लागले. बाबांनी मला मागे ओढलं. चक पडला नाही, पण माझे हात बराच वेळ थरथरत होते. तुमचा चक आट्यांचा असेल, तर ब्रेक हळू ठेवा आणि उलट फिरवून कट घेऊ नका. चकची चावी तर चकमध्ये कधीच सोडू नका.

महिना संपला. त्या संध्याकाळी बाबांनी शेजारच्या काकांच्या पाण्याच्या पंपाचं बुश काढलं. मोजलं, तेल पुसलं आणि म्हणाले, "कळंबोलीवाल्याला नाही सांग."

रंग अजून डब्यातच आहे. भेटूया पुढच्या भागात!