लिंक्सवर जायचंय? आधी दोन दिवस कोरे सोडा

आजचा विषय एका मेसेजवरून सुचला. पुण्यातले चार मित्र दोन वर्षं पैसे साठवतायत. स्कॉटलंडला जाऊन गोल्फ खेळायचंय. त्यांचा प्रश्न असा, की "सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर आगाऊ बुकिंग मिळालं नाही. आता ट्रिप रद्द करायची का?"

रद्द करू नका. फक्त ट्रिपची आखणी उलट्या बाजूनं करा. ते कसं, ते आज बोलू.

आधी लिंक्स म्हणजे काय? समुद्राकाठचा प्रत्येक गोल्फ कोर्स लिंक्स नसतो. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूच्या टेकाडांचा जो पट्टा असतो, ती लिंक्स. तिथं पीक येत नाही, म्हणून लोक मेंढ्या चारायचे आणि खेळायचे. जमीन वाळूची, त्यामुळे पाणी पटकन मुरतं, माती टणक राहते. गवत बारीक. झाडं जवळजवळ नाहीत. आणि वारा? तो पाचवा भिडू समजा.

आपल्याकडच्या कोर्सवर आपण बॉल उंच मारतो, तो ग्रीनवर पडून थांबतो. तिथं उंच बॉल वारा कुठे नेईल सांगता येत नाही, आणि टणक जमिनीवर पडला की तो पळत सुटतो. म्हणून तिथले लोक बॉल खालून मारतात, जमिनीवरून सरपटत नेतात. ग्रीनच्या बाहेरूनसुद्धा पटर वापरतात. जाण्याआधी दोन महिने एवढी एकच प्रॅक्टिस करा. नवीन ड्रायव्हर घेण्यापेक्षा जास्त उपयोग होईल.

आता ओल्ड कोर्स. म्हाडाची सोडत माहितीये ना? तसंच आहे. काही वेळा कित्येक महिने आधी बुक होतात, पण बऱ्याच वेळा रोजच्या सोडतीतून मिळतात. किमान दोन आणि जास्तीत जास्त चार जणांनी मिळून दोन दिवस आधी नाव द्यायचं. रविवारी कोर्स खेळासाठी बंद असतो, म्हणून सोमवारची सोडत शनिवारी. हँडिकॅपचा दाखला जवळ हवा, तो इथूनच क्लबकडून घेऊन ठेवा. म्हणजे आगाऊ बुकिंग हुकलं तरी दार बंद झालेलं नाही.

पण सोडत म्हणजे सोडत! लागेलच असं नाही. म्हणून सेंट अँड्र्यूजला एकच दिवस ठेवून मोकळं होऊ नका. तीन-चार रात्री राहा, रोज नाव टाका. आणि त्यातले दोन दिवस कोरे सोडा. त्या दिवशी काहीच बुक करायचं नाही. नंबर लागला तर ओल्ड कोर्स. नाही लागला तर त्याच ट्रस्टचा न्यू कोर्स, ज्युबिली किंवा ईडन आहे. 'न्यू' नावावर जाऊ नका, तो १८९५ चा आहे!

दुसरी अडचण व्हिसाची, आणि इथं पैसे अडकू शकतात. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी अर्ज करता येतो. चांगले कोर्स मात्र त्याच्या कितीतरी आधी भरतात. म्हणजे टी टाईमचे पैसे आधी, व्हिसा नंतर. म्हणून बुकिंग करताना पहिला प्रश्न विचारा: रद्द केलं तर किती पैसे परत, आणि कोणत्या तारखेपर्यंत? उत्तर ईमेलवर लेखी घ्या. चौघांपैकी एकाचा व्हिसा अडकला तर त्याच्या जागेचं काय, हेही आधीच ठरवा. मैत्री टिकते.

तिसरी गोष्ट नकाशा. एका आठवड्यात अख्खा स्कॉटलंड करू नका. पूर्व किनारा किंवा पश्चिम किनारा, एकच निवडा. पूर्वेला सेंट अँड्र्यूजजवळ क्रेल आणि ईली आहेत. ईलीला पहिल्याच होलसमोर टेकडी आहे, पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून स्टार्टरच्या खोलीत चक्क पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलाय. पुढचे लोक लांब गेले की नाही, ते त्यातून बघतात. नॉर्थ बेरिकला एडिनबरोहून ट्रेननं साधारण अर्ध्या तासात पोचता. तिथं एका होलवर ग्रीनच्या अलीकडे दगडी भिंत आहे, बॉल तिच्यावरून न्यायचा! पश्चिमेला गेलात तर प्रेस्टविक बघा. १८६० मध्ये पहिली ओपन स्पर्धा तिथं झाली. स्टेशन कोर्सला अगदी खेटून आहे.

आता खर्च. ओल्ड कोर्सची सीझनमधली फी ३०० पौंडांच्या वर आहे, म्हणजे माणशी ३० हजार रुपयांहून जास्त. कॅडीचे पैसे वेगळे. म्हणून एक महागडा राउंड आणि तीन परवडणारे, असं गणित ठेवा. बऱ्याच क्लबांत संध्याकाळचा दर कमी असतो. जूनमध्ये तिथं रात्री दहाच्या सुमारापर्यंत उजेड असतो, त्यामुळे चारला सुरू केलं तरी १८ होल आरामात होतात. विमानात बॅग नेण्याचा खर्च आणि तिथं क्लब्ज भाड्यानं घेण्याचा खर्च, दोन्ही कागदावर मांडून बघा.

आणि हो, चालावं लागतं. लिंक्सवर बग्गी सहसा मिळत नाही, अनेक ठिकाणी फक्त वैद्यकीय कारणासाठी देतात. रोज सात-आठ किलोमीटर वाऱ्यात चालायची सवय आत्तापासून करा. चांगला रेनकोट आणि बुटांचे दोन जोड घ्या. रोज ३६ होल लावू नका, तिसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागतात.

शेवटी त्या चौघांसाठी. समजा रोज नाव टाकलं आणि एकदाही नंबर लागला नाही. तर रविवार सेंट अँड्र्यूजमध्येच घालवा. त्या दिवशी ओल्ड कोर्सवर गावातले लोक कुत्री घेऊन फिरायला येतात, मुलं पळत असतात. ही जागा सार्वजनिक आहे. तिकीट नाही, हँडिकॅप नाही. अठराव्या होलवरच्या त्या छोट्या दगडी स्विल्कन पुलावर तुम्हीही उभे राहू शकता, फुकट. आपल्याकडे गोल्फ म्हटलं की उंच कुंपण आणि गेटवरचा वॉचमन डोळ्यांसमोर येतो. जिथं हा खेळ वाढला तिथं तो गावाच्या मोकळ्या जमिनीवर वाढला, हे एकदा बघायला हवं.

तर मित्रांनो, तारखा ठरवा, दोन दिवस कोरे ठेवा आणि निघा. परत आलात की मेसेज करा. नंबर लागला की नाही, ते मलाही ऐकायचंय. भेटू पुढच्या भागात!