फाटलेली ओळ आणि यंत्राचे वाचन
(वार्षिक संमेलनातील भाषण)



कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढण्याचा ठराव आज सभेपुढे आहे. घरोघरची जुनी मोडी कागदपत्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून वाचून घ्यावीत, अशी सूचना आपल्या काही तरुण सभासदांनी केली आहे, आणि तीविषयी चार शब्द बोलावेत अशी चालकांची आज्ञा झाली. सूचना हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तशीच ती डोळे मिटून स्वीकारण्याजोगीही नाही. जुन्या लेखांवर काम करणारे संशोधक आज जगभर ह्याच द्विधा मनःस्थितीत आहेत.

प्रथम आशेची बाजू सांगतो. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात इटलीतील हर्क्युलेनियम हे नगर गाडले गेले, आणि तेथील एका प्रासादातील ग्रंथांच्या गुंडाळ्यांचा कोळसा झाला. उलगडू जावे तर हाती चुरा यावा, अशी त्यांची अवस्था. 2023 साली क्ष-किरणांच्या प्रतिमांवरून, गुंडाळी न उलगडता, यंत्राने तिच्यातील शाईचा माग काढला. त्या वर्षी ऑक्टोबरात पहिला शब्द लागला. तो जांभळ्या रंगाचा वाचक असा ग्रीक शब्द होता. पुढे 2024 च्या फेब्रुवारीत, दोन हजारांहून अधिक अक्षरे उजेडात आणणाऱ्या तिघा तरुणांना सात लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर झाले.

ह्या यशातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. शाई शोधणाऱ्या त्या यंत्राला ग्रीक भाषा शिकविलेलीच नव्हती. ते एका वेळी इवलासा तुकडा पाही आणि येथे शाई आहे की नाही, एवढेच सांगे. अक्षरे जुळविणे आणि अर्थ लावणे हे काम ग्रीक पंडितांचे. यंत्राला भाषा येत नसल्यामुळे त्याला पदरचे शब्द घालताच येत नव्हते.

आपल्या कागदांपुढे मात्र जी यंत्रे आणली जात आहेत, त्यांना भाषा येते, आणि चिंता येथूनच सुरू होते. मोडीचा स्वभाव आपल्यातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहेच. आधी शिरोरेषा ओढायची आणि मग शक्यतो हात न उचलता अक्षरे लिहीत जायचे. दोन शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पुत्र ह्या अर्थी ‘सुत’ आणि कापसाचे ‘सूत’ ही दोन्ही तेथे एकसारखीच दिसतात. तेव्हा मोडी वाचणे म्हणजे संदर्भाने अनुमान करणे आलेच, आणि ते आमचे जुने वाचकही करीत होते. परंतु कागद फाटला असेल तेथे चांगला संपादक टिंबे देतो, अथवा ‘पुढे फाटले आहे’ असे लिहून थांबतो. भाषा बोलणारे यंत्र थांबतच नाही! पुढे कोणता शब्द येणे संभवते हे ओळखणे, हाच त्याच्या घडणीचा पाया. कागदावर ‘बाळाजी’ एवढेच उरले असेल, तर पुढे ‘विश्वनाथ’ असेल की ‘बाजीराव’, ह्याचा निर्णय ते बहुसंख्येने करील, आणि ओळ इतकी सफाईने पुरी करील की जोड कोठे आहे हे दिसणारही नाही. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्याकडे असल्यामुळे असे अनुमान खरे वाटते. म्हणूनच ते अधिक घातक. कोणाच्या तरी वंशावळीत कधी जन्मलाच नाही असा एक पूर्वज ह्या वाटेने येऊन बसेल, आणि पुढच्या पिढ्या त्याच्या नावे तर्पण करतील.

हे केवळ भय नव्हे. 2022 च्या नोव्हेंबरात मेटा कंपनीने शास्त्रज्ञांच्या साहाय्यासाठी म्हणून ‘गॅलॅक्टिका’ नावाची प्रणाली लोकांपुढे ठेवली. ती अस्तित्वात नसलेल्या निबंधांचे दाखले ठामपणे देऊ लागली, आणि तीन दिवसांत कंपनीला ती मागे घ्यावी लागली.

त्याच वर्षी ग्रीक शिलालेखांतील गळालेली अक्षरे भरणारे ‘इथाका’ नावाचे यंत्र प्रसिद्ध झाले. उत्तर ठाऊक असलेल्या लेखांतील अक्षरे झाकून त्याची परीक्षा घेण्यात आली. इतिहासज्ञ एकटे शेकडा 25 वेळा बरोबर आले, यंत्र एकटे 62 वेळा, आणि यंत्र हाताशी घेऊन बसलेले इतिहासज्ञ 72 वेळा. हे यंत्र एकच उत्तर न देता अनेक पर्याय, प्रत्येकाच्या संभवासह, पुढे ठेवते. आपणांस यंत्र हवे असेल तर ते ह्या जातीचे हवे. अर्थात तज्ज्ञ सोबतीला असूनही शंभरात 28 ठिकाणी चूक उरली, हेही ध्यानात असावे.

कोणी म्हणेल, घरगुती वंशावळीसाठी एवढी काटेकोरी कशाला? 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमली गेली, आणि कित्येक वर्षे न उघडलेली मोडी दप्तरे बाहेर आली. जुन्या नोंदीतील एका शब्दाच्या वाचनावर आज एखाद्या मुलाचा दाखला अवलंबून असतो. आपल्या कुलवृत्तांताचाही आधार उद्या कोणी पुढे करील.

दुसरी चिंता मला अधिक सलते. राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा गावोगाव मोडी वाचणारे होते. आज ते विरळ झाले. नवशिका वाचक सोप्या कागदांवर चुकत-माकत तयार होतो; ते सोपे कागद यंत्राकडे गेले, तर अवघड कागदाशी यंत्र चुकले हे ओळखणार कोण? तथापि पेशवे दप्तरातील रुमाल हजारांनी मोजावे लागतात. ते सारे माणसांनीच वाचावेत असा हट्ट धरणे म्हणजे त्यांतील बहुतेक वाळवीच्या स्वाधीन करणे होय. म्हणून मी सूचनेला विरोध करीत नाही.

ठरावाला मात्र तीन उपसूचना जोडतो. प्रत्येक वाचनासोबत मूळ कागदाचे छायाचित्र जपावे. यंत्राने भरलेली अक्षरे चौकटी कंसात छापावीत, आणि ज्या नावाचे एकही अक्षर कागदावर नाही ते वंशावळीत घेऊ नये. तिसरी अशी की, पूर्वी जाणकारांनी वाचून ठेवलेले आपले पन्नास कागद, त्यांची वाचने न दाखविता, प्रथम यंत्रापुढे ठेवावेत. ते पडताळून पाहण्यास दोघे वृद्ध मोडीवाचक तयार आहेत. मात्र आपल्याशेजारी चार-सहा तरुणांनी शिकण्यास बसावे, अशी त्यांची अट आहे. ज्यांची इच्छा असेल त्यांनी भोजनापूर्वी चिटणिसांकडे नावे द्यावीत.