ओल राखणारी जमीन

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण आरोग्य, मुलांचा अभ्यास, घरखर्च यांवर बोलतो. आज मला जमिनीविषयी बोलायचे आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु माझी मुलगी कॉलेजात भूगोल शिकते. तिने मला एक गोष्ट समजावून सांगितली आणि ती ऐकताना मला सारखी आपली येरळा दिसू लागली.

जगात काही ठिकाणी 'पीट' नावाची दलदलीची जमीन असते. आपल्या देशात निलगिरीच्या डोंगरात ती थोडी आहे; इंडोनेशियात आणि युरोपच्या उत्तरेकडे फार मोठी आहे. तेथे मेलेले शेवाळ, गवत, पालापाचोळा पाण्यात बुडून राहतो. त्याला हवा लागत नाही, म्हणून तो पुरता कुजत नाही. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर, असा त्याचा थर हजारो वर्षे चढत जातो. आपल्याला हे कळायला अवघड नाही. बरणीत लोणच्यावर तेल उभे असते तोवर फोड टिकते. फोड उघडी पडली की बुरशी आलीच! दलदलीतले पाणी म्हणजे ते तेल समजा.

ही जमीन पृथ्वीवरील भूमीच्या शंभरात अवघे तीन भाग. पण जगातील साऱ्या जंगलांच्या झाडांत मिळून नाही इतका कार्बन तिच्यात साठलेला आहे. माणसाने तिला पडीक मानले, चर खणून पाणी काढले आणि शेते, मळे केले. मग हवा शिरली, थर कुजू लागला, आणि तो कार्बन वायू होऊन वर गेला. हवा तापण्याचे तेही एक कारण. 2015 साली इंडोनेशियात अशी वाळलेली जमीनच पेटली आणि तिचा धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत पोहोचला. पुढल्याच वर्षी तेथील सरकारने ही जमीन सुधारण्यासाठी वेगळे खाते काढले. उपाय काय, तर खणलेले चर अडवायचे आणि पाणी पुन्हा जागच्या जागी मुरू द्यायचे. ओल परतली की आगीचे भय कमी होते, दलदलीतल्या झाडांना व पाखरांना आसरा मिळतो. मात्र गेलेला थर भरून यायला कित्येक पिढ्या लागतात.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या दुष्काळी खानापूर तालुक्यात दलदल कुठली? खरे आहे. पण आपल्याकडे ओल राखण्याचे काम येरळेची वाळू करीत होती. वाळूच्या कणाकणांमध्ये पाणी साठते. वरचा थर उन्हाने तापतो, खालचे पाणी मात्र झाकलेले राहते. माझे माहेर येरळाकाठचे. उन्हाळ्यात नदी कोरडी दिसे, तरी आम्ही पोरी वाळूत झिरा उकरून नरोटीने घागर भरीत असू. काठच्या विहिरींनाही त्याच वाळूतून पाझर लागे. ट्रकांनी वाळू गेली, तळचा खडक उघडा पडला. आता पूर आला की तसाच धावत कृष्णेला जातो, आणि विहिरी मागे कोरड्या राहतात.

हे आपल्याच तालुक्यातील लोकांनी फार पूर्वी ओळखले होते. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार आणि शेतकरी यांनी मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. डॉ. भारत पाटणकर त्यांत होते. बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी येरळेतील वाळूचा ठेकेदारांकडून होणारा उपसा थांबवावा अशी मागणी केली. मोजकीच वाळू स्वतः विकून त्या पैशांतून, श्रमदानाने, बळीराजा धरण बांधले. पाणी घराघराला सारखे, जमीन नसलेल्यालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही, असे त्यांनी ठरवले. वाळू म्हणजे केवळ विकायचा माल नव्हे, ते गावाचे पाणी आहे, हे या माणसांनी जगाला दाखवले.

आज टेंभू योजनेचे पाणी आले आहे, त्याचा आनंद आहेच. पण उपसा करून आणलेल्या पाण्याला विजेचे बिल असते. वाळूने राखलेल्या पाण्याला नसते.

भगिनींनो, वाळू कोठे जाते, तेही पाहू. आपली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली आहेत. घाम गाळून ती पैसे पाठवतात आणि गावोगाव बंगले उठतात. घर बांधू नये असे मी कशी म्हणेन? पण मिस्त्रीशी बोलताना 'किती ब्रास' एवढेच न विचारता 'कुठली वाळू' हेही आपण विचारावे. खडी दळून केलेली कृत्रिम वाळू मिळते. 2025 साली राज्य सरकारने तिच्यासाठी धोरणही जाहीर केले आहे.

दुसरे असे, की ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी, असा आपल्या राज्यात कायदा आहे. आपल्यापैकी कितीतरी जणींचे सासर-माहेर नदीकाठी आहे. त्या सभेत आपण बहुधा सही करून उठतो. यापुढे वाळूचा विषय निघाला, तर बसून राहावे आणि बोलावे. घागर आपल्या डोक्यावर असते, तेव्हा पहिला शब्दही आपलाच असायला हवा.

खणायला एक रात्र पुरते, ओल परत यायला आयुष्य जाते. जिथे अजून चार हात वाळू शिल्लक आहे, तिथे ती राहू द्यावी, एवढीच माझी विनंती. मंडळाने पुढल्या वर्षाच्या कामांत हा विषय घ्यावा, अशी सूचना मांडून मी आपली रजा घेते.